तुमची नाली, माझं दुकान

तुमच्या तेरवीला सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. तामसीहून माझे भाऊ आले होते, तुमचे दवाखान्यातले जुने सोबती आले होते, गल्लीतली माणसं तर होतीच. शांत माणूस, सरळ माणूस, असं ज्याने त्याने म्हटलं. माझ्या मोठ्या भावाने सांगितलं की आमचे जावई सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते, इज्जतीने रिटायर झाले. आणि तो तिथेच थांबला. त्याच्या पुढची सगळी वर्षं त्याने गिळून टाकली. मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसून ते ऐकत होते. वाटलं, उठून बाहेर जावं आणि सांगावं की रिटायर झाल्यावर हा माणूस आपल्याच गावच्या, इचोड्याच्या नालीत हात घालत होता, आणि त्याला त्याची तिळभर लाज नव्हती. उठले नाही. तेरवीच्या घरात त्या घरच्या बाईने काय बोलायचं असतं, ते सगळं आधीच ठरलेलं असतं.

म्हणून आता बोलते. तुमच्याशीच बोलते. दुकान उघडायला अजून वेळ आहे, चहा झाला आहे, आणि एकटीच्या चहाला काही वेळ लागत नाही.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा मी मनात बेत केले होते. पुढच्या खोलीत माझं मॅचिंग सेंटर, अस्तर, फॉल, बटणं, धागे. बायकांची दिवसभर ये-जा. तुम्ही समोर बसाल, मला मशीनवर बसायला मोकळीक मिळेल. तुम्ही काही दिवस बसलातही. पण राणी कलर आणि गुलाबी यांतला फरक तुम्हाला काही केल्या कळेना, आणि बायका तुम्हाला पाहून दारातूनच परत जायला लागल्या. ब्लाउजचं माप पुरुषासमोर कोण सांगणार? मग हैद्राबादहून ती स्वाती आली. रोगांवर काम करणाऱ्या कुठल्याशा संस्थेची, तेलुगू पोरगी, पाठीवर बॅग, पायात स्पोर्ट शूज. तिला इथला, लॅबचं काम कळणारा माणूस हवा होता. तुम्ही मला न विचारता हो म्हणालात.

मी विचारलं, कशाचं काम? तुम्ही म्हणालात, नालीच्या पाण्याचं. मला वाटलं साफ करायचं. तुम्ही म्हणालात, तपासायचं. मला दोन्ही सारखंच वाटलं. जन्मभर लोकांचं रक्त-लघवी तपासून झालं, आता म्हातारपणी त्यांची घाण तपासणार, असं काहीतरी मी बोलले. तुम्ही उलटून बोलला नाहीत. तुमची ती सवयच होती, आणि तिचा मला राग यायचा.

मग एक दिवस मी अंगणात अस्तरं भिजत घातली होती. शिवायच्या आधी अस्तर पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर नंतर आटतं. बादलीत बरीच कापडं एकत्र होती आणि पाणी लाल झालं. तुम्ही येऊन बादलीजवळ उकिडवे बसलात.

"सांग आता, कोन्या कापडाचा रंग सुटला?"

"पान्यावरून कसं सांगू? कोनाचा तरी सुटला येवढंच कळते."

"बस. तेवढंच माहं काम हाय."

आणि तिथेच बसून तुम्ही मला सगळं सांगितलंत. माणसाला ताप आला की तो आधी मेडिकलमधून गोळी आणतो, मग अंगावर काढतो, दवाखान्यात येतो तेव्हा उशीर झालेला असतो. पुष्कळ जण तर येतच नाहीत. पण माणूस दवाखान्यात यायच्या आधीच त्याचा रोग शरीरातून बाहेर पडून नालीत पोचलेला असतो. मोठ्या शहरात गटार जमिनीखालून जाते आणि एका जागी पाणी गोळा होतं, तिथून घेता येतं. आपल्याकडे उघडी नाली, संडासाच्या टाक्या भरल्या की त्याही तिच्यातच. म्हणून गॉजची जाड पट्टी दोरीला बांधून नालीत सोडायची, दोन दिवस तशीच ठेवायची, म्हणजे वाहत्या पाण्यातलं जे काही असेल ते तिला चिकटतं. मग काढून पिशवीत, पिशवी बर्फाच्या डब्यात, डबा बस स्टँडवरून हैद्राबादला. नाली कोणाचं नाव सांगत नाही, फक्त गल्ली सांगते, असं तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, गल्लीचं नाव निघालं तरी बदनामी व्हायची ती होतेच. आपला वाद त्या दिवशी सुरू झाला, आणि अजून संपलेला नाही.

पहिल्या पट्ट्या पाण्याच्या ओढीने उसवून जायच्या. तुम्ही रिकामी दोरी घेऊन घरी यायचे आणि खुंटीला टांगायचे. मी ते दोन-तीनदा पाहिलं आणि वैतागून म्हटलं, आणा इकडे ते गॉज. घडी घालून, चारी बाजूंनी नायलॉनच्या धाग्याने मशीन मारून दिली. ती टिकली. मग मी दर खेपेला शिवून द्यायला लागले. माझ्या मशीनवर एकीकडे कोणाचं तरी हळदीचं पिवळं ब्लाउज आणि दुसरीकडे तुमची पांढरी पट्टी. बायका विचारायच्या, हे कोणत्या बाळाचं लंगोट? मी सांगायचे, नालीचं. आणि आम्ही हसायचो.

तुम्ही परत आलात की अंगणातच कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, पुन्हा धुवायचे, आणि आत यायच्या आधी दोन्ही हात माझ्यासमोर पालथे-उताणे करून दाखवायचे. मी मान हलवली की मगच उंबरा ओलांडायचे. साठी उलटलेला माणूस. मला तेव्हा हसू यायचं. आता त्या वेळेला मी उगाच अंगणाकडे बघते.

नालीवरच्या पुलियाच्या खालच्या अंगाला बापूरावांचा भाजीचा मळा. पालक, मेथी, कोथिंबीर. त्यांचं पाणी विहिरीचं, पण नाली त्यांच्या बांधाला लागून वाहते, आणि तुमची पट्टी नेमकी तिथे वरच्या बाजूला. कोणीतरी तुमचा फोटो काढला आणि मोबाईलवर फिरवला की बापूरावच्या भाजीत हैजा, म्हणजे कॉलरा सापडला. काही सापडलं नव्हतं. त्या वेळची तपासणी साफ आली होती. पण ते ऐकायला कोण थांबतं? बाजाराच्या दिवशी त्यांच्या टोपल्या जशा गेल्या तशा भरलेल्या परत आल्या. ते आपल्या दारात येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी, ते जास्त लागलं.

"भाऊ, पट्टी तुमी लटकवता, अन् मार माह्या पोटावर बसते."

तुम्ही त्यांना बसवलंत, चहा दिला. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही रोज त्यांच्याकडून पालकाच्या जुड्या घ्यायला लागलात. पिशवी न्यायचे नाही. दोन्ही हातांत जुड्या उघड्या धरून बस स्टँडपासून बाजाराच्या मधून, चहाच्या टपऱ्यांसमोरून, सगळ्यांना दिसेल असे सावकाश चालत घरी यायचे. आपण तेव्हा किती पालक खाल्ला! पालकाची भाजी, पालकाचं वरण, ज्वारीच्या भाकरीत पालक. मी एकदा म्हटलंसुद्धा, की माणसाचं तोंड बंद करायला आपलं तोंड किती दिवस चालवायचं? पण हळूहळू गिऱ्हाईक परत आलं. बापूरावही बोलायला लागले, आधी मानेने, मग तोंडाने.

त्यानंतर तुमचं तोंड मात्र मिटलं. हैद्राबादच्या लोकांचा नियम होताच, की पक्की तपासणी झाल्याशिवाय आणि वरून जाहीर झाल्याशिवाय एक शब्द बाहेर जाऊ द्यायचा नाही. आधी तो तुमच्यासाठी नुसता नियम होता. बापूरावांच्या भरलेल्या टोपल्या पाहिल्यावर तो तुमचा झाला. मलाही काही सांगायचे नाही. मी विचारायचे, काय आलं? तुम्ही म्हणायचे, येईल तेव्हा कळेल.

मग तो उन्हाळा आला. नळ एकाआड एक दिवस यायचा, तोही करंगळीएवढा, आणि थोड्या वेळात जायचा. बायका दुकानात आल्या की रंगाच्या आधी पाण्याचं बोलायच्या. एका दुपारी तुम्हाला फोन आला. तुम्ही गमबूट न काढता पायरीवर बसून राहिलात. मी जेवायला बोलावलं तरी उठला नाहीत. मग आत आलात, आणि इतक्या वर्षांच्या संसारात ज्या चुलीच्या कामात तुम्ही कधी एक शब्द बोलला नव्हता, तिथे उभे राहून म्हणालात, आजपासून पाणी उकळून घेत जा.

मी काऊन म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, घेत जा. हात धुवायला गेलात, आणि दारातून वळून म्हणालात,

"दुकानातल्या माठातलं बी."

मला पुढे विचारायची गरज पडली नाही. रोग कोणता ते कळलं नाही, पण कुठे आहे ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पाणी उकळून दुकानातल्या माठात ओतलं. पहिली आली ती बापूरावांची सून संगीता, साडीला फॉल लावायला. ऊन चढलं होतं. तिने आल्याआल्या पेला भरून घेतला आणि तोंडाला लावून थांबली.

"काकू, माठातलं पानी कोमट काऊन लागून राह्यलं?"

"उकळून ठेवलं व."

"काऊन?"

तुम्हाला खरं सांगते, त्या एका शब्दावर मी अडून बसले. समोर बापूरावांच्याच घरची पोर. खरं सांगितलं तर उद्या पुन्हा तिच्या सासऱ्याच्या टोपल्या परत येतील. काहीच सांगितलं नाही, तर ती घरी जाऊन तेच नळाचं पाणी आपल्या लेकीला पाजेल. उन्हाळ्यात, एवढ्या महागाच्या गॅसवर, कारण नसताना पाणी कोण उकळतं? आणि तुम्ही हैद्राबादला दिलेला शब्द होता. तुम्ही मला काही सांगितलं नव्हतं, म्हणून माझ्याजवळ लपवायलाही काही नव्हतं, तरी तो शब्द आपल्या हातून मोडू नये असं वाटलं.

मी म्हटलं, "आमच्या यायनं सांगतलं."

तिने पेला हातात धरून माझ्याकडे पाहिलं. तुमचं काम काय ते गल्लीत कोणाला माहीत नव्हतं? फॉलची साडी तशीच ठेवली, येते म्हणाली, आणि गेली.

त्या दिवशी दुकानात जी जी आली, तिने पाणी प्यायलं आणि तेच विचारलं, आणि मी तेच सांगितलं. दुपारपर्यंत तर सांगायचीही गरज उरली नाही. तेलुगू बायका एकमेकींना सांगत होत्या, नीळ्ळु मरगबेट्टंडी. पलीकडच्या गल्लीतल्या मुसलमान बायका सांगत होत्या, पानी उबाल के पिओ. कोणी रोगाचं नाव घेतलं नाही, कारण कोणालाच ते माहीत नव्हतं. कोणी भाजीचं नाव घेतलं नाही. पट्टीवाल्या भाऊच्या घरी पानी उकळून राह्यले, एवढीच बातमी होती. संध्याकाळी मी दाराबाहेर उभी राहिले तर घरोघरी चुलीवर पातेली चढलेली.

तुम्हाला चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारलं म्हणे, की साहेब, पानी किती वेळ उकळू द्यायचं? तुम्ही घरी आलात तेव्हा तुमचा चेहरा मी ओळखला. हात दाखवायचेही विसरलात.

"मी तुले सांगतलं होतं काय, कोनाले सांग म्हनून?"

"सांगू नको, असंबी नाई म्हनले तुमी."

"मी सही केली हाय तिथं."

"मी नाई केली."

तुम्ही ताटावर बसलात, अर्धी भाकरी खाल्लीत आणि हात थांबला. मला वाटलं आता नोकरीचं बोलाल, स्वातीचं बोलाल. तुम्ही म्हणालात, बापूरावांचं काय होईल? तुमच्या सगळ्या गप्प राहण्याच्या आत तो एकच माणूस बसला होता, हे मला तेव्हा कळलं. मी तुमची उरलेली भाकरी झाकून ठेवली.

सकाळी ते आलेच. सुनेकडून सगळं ऐकून आले होते. उभ्या उभ्याच म्हणाले, भाऊ, एकच सांगा, माझ्या भाजीत आहे की नळात आहे? तुम्हाला सांगता येत नव्हतं. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत, गमबूट चढवले, आणि म्हणालात, चला.

पुढचं मला संगीताने सांगितलं, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तुम्ही दोघं पाण्याच्या टाकीपासून नळाच्या पाइपाच्या बाजूने चालत निघालात. पुलियाखाली पाइप नालीच्या आतून जातो. तिथल्या जोडाला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं होतं आणि तेही सुटलेलं. नळ चालू असला की पाणी बाहेर गळायचं. नळ बंद झाला, पाइप रिकामा झाला, की तीच फट नालीचं पाणी आत ओढायची. तुम्ही बापूरावांना तिथे वाकवून दाखवलंत आणि म्हणालात, "हे तुमाले दिसते ना? कोनालेबी दिसन. ह्याच्यासाठी हैद्राबादची परवानगी नाई लागत."

बापूरावांनी पंचायतीत दरखास्त दिली आणि तिथेच ओट्यावर बसून राहिले. माणूस येऊन जोड बदलेपर्यंत उठले नाहीत. तुम्ही रोगाबद्दल एक अक्षर बोलला नाहीत, आणि जे करायचं होतं ते सगळं झालं. मी रात्रभर ज्या गाठीला तोंड शोधत होते, ती तुम्ही गमबूट घालून सोडवून आलात. मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला, आणि तरी मी इतकी रागात होते, की तो न सांगता नुसती भाजी वाढत राहिले.

काही दिवसांनी हैद्राबादहून पक्कं आलं. टायफाइड. मग दवाखान्याची माणसं आली, टाकीत औषध पडलं, घरोघर ताप विचारून गेले. गल्लीतली काही पोरं आजारी पडलीच. संगीताची लेक तर आधीपासूनच तापाने होती, आम्ही पाणी उकळायला लागलो तेव्हा तिच्यात रोग शिरलेला होता. तिला आदिलाबादच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तुम्ही दोनदा बसने जाऊन तिच्याजवळ बसून आलात. घरी आली तेव्हा पोर काडीसारखी झाली होती आणि डोक्यावरचे केस पुंजक्या-पुंजक्याने गेले होते. मी उरलेल्या गुलाबी अस्तराची टोपी शिवून दिली. तुम्ही म्हणालात, राणी कलर छान दिसते. तो राणी नव्हता.

पोरं सगळी बरी झाली. त्या पाण्याने आपल्या गल्लीतून कोणी गेलं नाही. मी तुम्हाला एकदा विचारलं, की उकळलं नसतं तर आणखी किती जण पडले असते? तुम्ही म्हणालात, जे झालंच नाही ते मी कसं मोजू?

मग स्वाती आली. नियम मोडला होता, तिला वर उत्तर द्यायचं होतं. ती दुकानात माझ्या स्टुलावर बसली, तुम्ही दारात उभे. मला वाटलं तुमचं काम जाणार. मी सांगून टाकलं की यांनी नाही सांगितलं, मी सांगितलं. तेवढ्यात संगीता आली, लेकीला कडेवर घेऊन, ती टोपी घातलेली. तिने स्वातीला तिला येत होतं तेवढ्या तेलुगूत आणि बाकी आपल्या बोलीत विचारलं, "नाली आमची, पानी आमचं, अन् खबर आमालेच शेवटी काऊन?"

मग स्वातीने त्या पोरीला मांडीवर घेतलं. ती हुशार आहे, आणि चांगली आहे. संशय आला की रोगाचं नाव न घेता, कोणाचं घर-शेत न दाखवता, त्याच दिवशी गल्लीला पाणी उकळायला सांगायचं, हे तिने नंतर हैद्राबादला भांडून मंजूर करून घेतलं. तुम्ही सगळ्यांना सांगायचे, पोरगी हुशार हाय. मला मात्र तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की तू बरोबर केलंस.

मी वाट पाहिली. चहाच्या वेळी मुद्दाम विषय काढायचे. तुम्ही म्हणायचे, त्या दिवशी पुन्हा अफवा उठली असती तर? मी म्हणायचे, उठली नाही ना. तुम्ही म्हणायचे, नशीब. मी म्हणायचे, नशीब नाही, बायका. तुम्ही कपात बघून हसायचे, आणि तेवढ्यावर राहायचं.

पण खरा प्रश्न वेगळा होता, आणि तो मी कधी विचारला नाही. दारातून वळून तुम्ही ते दुकानातल्या माठाचं बोललात, ते मुद्दाम होतं का? तुम्ही शब्द तोलून टाकणारे. त्या माठाचं पाणी कोण पितं, तुम्हाला माहीत होतं. त्या बायका मला काय विचारतील हे माहीत होतं. मी कशी आहे हेही पुरतं माहीत होतं. तुमची सही तुम्हाला बोलू देत नव्हती, म्हणून तुम्ही ते माझ्या हातात ठेवून निघून गेलात का? मग संध्याकाळी रागावलात ते कशाला? की तुमच्या मनात तसं काहीच नव्हतं, आपल्या दारात पाणी प्यायलेली बाई आजारी पडू नये एवढंच होतं? मी दोन्ही बाजूंनी पुष्कळदा विचार केला आहे. मशीन चालवताना डोक्याला दुसरं काम नसतं.

आदिलाबादच्या दवाखान्यात तुम्हाला ठेवलं तेव्हा मला वाटलं, आता विचारू. छातीला वायरी लावलेल्या, आवाज खोल गेलेला. तुम्हीच मला जवळ बोलावलंत. मी कान खाली नेला, तर तुम्ही म्हणालात, आज पट्टी काढायचा दिवस आहे.

मी संगीताला फोन लावला. थोड्या वेळाने तिचा फोन आला. तिच्या सासऱ्याने आपल्या घराच्या ओसरीवर येऊन तुमचे गमबूट घातले, पुलियाखाली उतरले आणि पट्टी काढली. पिशवीत घालून, बर्फाच्या डब्यात ठेवून, स्वतः बस स्टँडवर पोचवून आले. तेच बापूराव. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि विचारलंत, "हातमोजे घातले होते काय त्यायनं?" मी पुन्हा फोन करून विचारलं. घातले होते. तेव्हा तुमच्या कपाळावरची आठी गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुम्ही नीट झोपलात, आणि मी प्रश्न गिळला. झोपलेल्या माणसाला काय उठवायचं, उद्या विचारू असं म्हटलं.

त्या उद्याच्या दुपारी तुम्ही गेलात. मी हात धरून बसले होते. तेव्हा मला कुठलाही प्रश्न आठवला नाही.

आता नालीचं काम संगीता करते. स्वातीने तिला शिकवलं. सासरे पहिल्या दिवशी तिच्यासोबत गेले, आता जात नाहीत. तुमचे गमबूट तिला मोठे होतात, तिने आपले नवे आणले. हे सगळं तुम्हाला आवडलं असतं, याची मला खात्री आहे, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

परवा मी दुकान उघडलं. बायका आल्या, काही जणी रडल्या, काही जणी मला बरं वाटावं म्हणून गरज नसताना बटणं घेऊन गेल्या. मग नेरडीगोंड्याकडची एक बाई आली, लेकीच्या लग्नाच्या साडीला अस्तर मॅच करायला. बसमधून उतरून पहिल्यांदाच आली होती, मला ओळखत नव्हती. मी अस्तराचं थान उलगडत होते आणि ती आपली बोलत होती. म्हणाली, त्यांच्या गावातही आता नालीत पट्टी लटकवतात. एक माणूस ठेवला आहे. काही विचारलं तरी तो सांगत नाही.

"मंग तुमाले कसं कळते?" मी विचारलं.

"आमी त्याच्या बायकोवर ध्यान ठेवतो," ती म्हणाली. "तिनं पानी उकळाले ठेवलं का आमीबी ठेवतो."

"हे कोनी शिकवलं व तुमाले?"

"कोन जाने. इचोड्याकडून आलं म्हनतात."

मी कात्री खाली ठेवली. तुम्ही गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले, आणि इतकी हसले की ती बाई घाबरून मागे सरली. तिचं अस्तर मोजून दिलं, तिला बसवलं, पाणी दिलं. ती गेल्यावर मी आतल्या खोलीकडे वळले, तुम्हाला सांगायला. हाक मारायला तोंड उघडलंसुद्धा होतं. मग दाराची चौकट धरून उभी राहिले.

हे ऐकून तुम्ही हसला असता, की तोंड वळवून बसला असता, ते मात्र मला अजून ठरवता येत नाही.